‘जेवढी पॉवर जास्त तेवढा नेम पक्का’ हे नवख्यांना सांगणं थांबवा

मुळाकाठ
काल इथे एका नवख्याने विचारलं, की पहिल्या एअर रायफलवर कुठला स्कोप (नेमाची दुर्बीण) लावू. त्यावर ‘सह्यभटक्या’ यांनी एका दमात निकाल देऊन टाकला: "३-९×४० म्हणजे पैसे पाण्यात. थेट ६-२४×५० घ्या. जेवढी पॉवर जास्त तेवढा नेम पक्का." (पहिले दोन आकडे पॉवरचे, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते; शेवटचा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) खाली प्लस वनची रांग. वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या मुलाकडे आहे काय? लायसन्स न लागणारी ०.१७७ इंची स्प्रिंगर, म्हणजे स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल. मारणार कुठे? मुळशीकडच्या शेतावर, पंधरा ते तीस मीटर. इतक्या जवळ पॉवरचं काही अडत नाही, अडतं पॅरॅलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की नेमाचा क्रॉस टार्गेटवरून सरकतो त्याचं. काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेल्या साध्या ३-९ चा पॅरॅलॅक्स बहुतेक वेळा कारखान्यातच १०० यार्डांना बांधलेला असतो. तो २० मीटरवर वापरला आणि डोळा मध्यावरून पार कडेला गेला, तर ४० च्या काचेत क्रॉस टार्गेटवरून दीड सेंटीमीटरपर्यंत सरकतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आहे हो! मग पोरगं टरेट (क्रॉस सरकवायची, क्लिक-क्लिक फिरणारी चाकं) फिरवत बसतं आणि रायफलला शिव्या घालतं. तेव्हा ३-९ घ्या नाहीतर ४-१२, पण पुढच्या काचेवर किंवा बाजूला फोकसचं चाक असलेलाच घ्या, आणि ते चाक १० यार्डांपर्यंत खाली येतंय का ते डब्यावर वाचा. पॉवरचा आकडा त्यानंतर.

५० ची काच घेतली की स्कोप धरणाऱ्या रिंग उंच लागतात. रिंग उंच झाल्या की गाल लाकडावरून उचलला जातो, आणि गाल टेकला नाही की डोळा दर वेळी वेगळ्या जागी. शिवाय २४ पॉवरला ५० च्या काचेतून डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, ४० ची काच ९ वर साडेचारच्या आसपास देते. संध्याकाळी सहानंतर हा फरक कळतो. आणि ३० मिमीच्या नळीतून जास्त उजेड येतो हे दुकानदारांनी पसरवलेलं आहे. तिच्यात टरेट फिरायला जागा जास्त मिळते, उजेड नाही.

आता बसवण्याचं, कारण अर्धे स्कोप तिथेच वाया जातात. पॉवर सगळ्यात वर ठेवा, डोळ्याचं अंतर तिथेच सर्वांत काटेकोर असतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. काळी कड न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. नाही दिसला तर स्कोप पुढेमागे सरकवा, मान नव्हे. मग समोर ओळंबा टांगा. गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. रायफल सरळ धरून रेटिकलची (म्हणजे क्रॉसची) उभी रेघ त्या दोऱ्यावर आणा. रिंगचे स्क्रू आलटून पालटून, तिरके, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पक्की केलीत तर डोळ्यादेखत नळी वळते आणि रेघ दोऱ्यावरून सुटते. शेवटी डोळ्याजवळची रिंग: मोकळ्या आभाळाकडे (सूर्याकडे नव्हे!) धरून रेटिकल पहिल्या क्षणी लख्ख दिसेल अशी फिरवा. जास्त वेळ टक लावली तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो.

सह्यभटक्या
अर्धं वाक्य उचलून धागा काढलात, छान. पॉवर मी फक्त मोठं दिसावं म्हणून सांगत नाही. २४ वर ठेवून बाजूचं चाक फिरवायचं, चित्र जिथे लख्ख होतं तिथला आकडा म्हणजे अंतर. ९ वर हे जमत नाही, २५ आणि ३५ दोन्ही स्वच्छच दिसतात. ०.१७७ चा छर्रा ४५ मीटरवर चांगलाच खाली येतो, अंतर चुकलं की नेम गेला. फील्ड टार्गेटवाले (वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं पाडायची एअर रायफल स्पर्धा) जगभर ४० पॉवरच्या वर वापरतात, ते सगळे अडाणी का? वेल्ह्याच्या आमच्या शेतावर मी याच स्कोपने बाटलीची झाकणं पाडतो. येऊन बघा.

मुळाकाठ
तुमच्याकडे पीसीपी आहे, आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, तिला झटका नाही. त्याच्याकडे स्प्रिंगर आहे. पिस्टन सुटताना रायफल मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसका देते. बंदुकीचे स्कोप मागच्या झटक्यासाठी बनवलेले असतात, हा उलटा हिसका आतल्या भिंगांची वाट लावतो. त्यात तुमचं ते लांबलचक, जड धूड बसवलं की रायफलवरच्या ११ मिमीच्या खाचेवरून माउंट (रिंगांची बैठक) मागे सरकायला लागतो. त्याला एकसंध माउंट आणि तो सरकू न देणारी स्टॉप पिन सांगायची सोडून तुम्ही पॉवर सांगितलीत.

आणि तुमचा ६-२४ सेकंड फोकल प्लेनचा आहे ना, पॉवर बदलली तरी क्रॉस तेवढाच दिसणारा? मग त्यातले मिलडॉट (क्रॉसवरचे मोजमापाचे ठिपके) एकाच पॉवरवर खरे, बहुतेकदा १० वर. २० वर नेलात की दोन ठिपक्यांमधलं माप निम्मं होतं. हे नवख्याला कोण सांगणार?

बालेवाडीचा_बाक
मुळात स्कोप हवाच कशाला? स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ४५१.४ काढून कांस्य आणलं, ते पीप साइटवर, म्हणजे भिंगाशिवाय, मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं बघून. सराव इथेच, बालेवाडीत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेती झाली, तीही पीपवर. १० मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पोरंपोरी तो भिंगाशिवाय मारतात. नवख्याच्या हातात स्कोप दिला की त्याला स्वतःची थरथर मोठी होऊन दिसते. मग क्रॉस मध्यावर आला रे आला की तो ट्रिगर हिसकतो. पुढे ती सवय मोडायला वर्ष जातं. आधी पीप, मग काय ते.

सदाशिवपेठी
तुमचं वय काय हो? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लांबचं लख्ख दिसतं, पण पुढच्या साइटचं कडं म्हणजे नुसता धुरकट डाग. स्कोपमध्ये क्रॉस आणि टार्गेट एकाच जागी स्पष्ट दिसतात, म्हणून या वयात मला नेम धरता येतो. ‘स्कोप कशाला’ हे धडधाकट डोळ्यांचं बोलणं आहे.

बालेवाडीचा_बाक
काका, मागच्या पीपचं भोक लहान करून बघा. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही टोकदार दिसतं, पापण्या बारीक करून पाटी वाचतो तसं. साठीपुढची माणसं पीपवर नेमबाजी करतात, मी रोज बघतो.

सदाशिवपेठी
बघितलं करून. भोक लहान केलं की अंधार होतो. तुमच्या रेंजवर टार्गेटवर दिवे असतात, माझ्याकडे आंब्याच्या झाडाखाली उजेड आहे तेवढाच. मला शिकवू नका. स्कोपवर डोळ्याजवळची रिंग फिरवली की चष्मासुद्धा काढून ठेवता येतो, ते तुमच्या पीपला जमतं का?

बालेवाडीचा_बाक
पीपवर चष्म्याचं भिंग बसवता येतं. पण झाडाखालच्या अंधाराचं मान्य, तिथे पीप कमी पडेल. नवख्याने मात्र पीपवरच शिकावं, यात बदल नाही.

लेकीची_आई
पीप-स्कोपचं चाललंय म्हणून सांगते. मुलगी १० मीटर एअर रायफल शिकायला लागली, तेव्हा एका दुकानदाराने रायफलसोबत ४-१६ चा स्कोप गळ्यात मारला. "मॅडम, स्पर्धेत लागतोच." क्लबात पहिल्याच दिवशी सरांनी काढून ठेवायला लावला, या प्रकारात दुर्बिणीची साइट चालतच नाही. परत करायला गेले तर "डबा फोडलाय, घेता येणार नाही." तो कपाटात पडून आहे. तुमच्या पॉवरच्या भांडणात कोणी हे सांगत नाही, की आधी पोर कशात खेळणार ते विचारा.

सह्यभटक्या
ताई, दुकानदाराचा राग आमच्यावर काढू नका. मुळाकाठ, स्प्रिंगरवर जड स्कोप सरकतो हे खरं, तेवढं माझ्या उत्तरात राहिलं. पण ३-९ वर तो मुलगा सहा महिन्यांत कंटाळेल आणि दुसऱ्यांदा पैसे घालेल. स्वस्तात पडत नाही ते.

मुळाकाठ
घालू देत. तोवर त्याला कळलेलं असेल कशाला घालतोय. आणि एप्रिलच्या दुपारी वेल्ह्याच्या माळावर २४ वर चित्र कसं पाण्यासारखं थरथरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्हीही पॉवर १० वर आणता.

सह्यभटक्या
१२ वर. आणतो. उन्हाचं कोणाच्या हातात नाही.

नवा_छर्रा
प्रश्न माझाच होता. स्कोप अजून घेतलेला नाही. ३-९×४०, चाकवाला, १० यार्डांपासून, हे ठरवलं. झिरो (क्रॉस आणि छर्रा एका जागी जुळवणं) किती मीटरला करू? आणि २० मीटरवर ३ सेंटीमीटर खाली लागलं तर किती क्लिक?

मुळाकाठ
पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेट असेल तर एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर, म्हणजे २० मीटरवर जेमतेम दीड. ३ सेंटीमीटरला २० क्लिक, ‘अप’ दिशेने. झिरो आधी १० मीटरवर कागदावर आणा, मग २५ ला पक्का करा. एकाच छऱ्यावर टरेट फिरवू नका, पाचांचा ग्रुप पाडा आणि ग्रुपच्या मध्यावरून मोजा. छर्ऱ्यांचा डबा बदललात तर पुन्हा तपासा. टार्गेटच्या मागे मातीचा बांध असल्याशिवाय एकही छर्रा सोडू नका.

बालेवाडीचा_बाक
आणि त्याआधी महिनाभर रायफलसोबत आलेल्या उघड्या साइटवर मारा. पैसे लागत नाहीत.

सह्यभटक्या
एकसंध माउंट घ्या, स्टॉप पिनवाला. पीसीपी घेतलीत की मग मला विचारा.