घरी ऑक्सिजन यंत्र आणि रुग्णखाट : भाड्याने घ्यावी की विकत?

गोदाकाठ, नाशिक

माझ्या वडिलांचे वय 74 असून त्यांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. छातीतील संसर्गामुळे ते अकरा दिवस रुग्णालयात होते आणि येत्या शनिवारी त्यांना घरी सोडणार आहेत. डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटर या प्रमाणात दिवसातून किमान 15 तास ऑक्सिजन द्यायला सांगितले आहे. अशक्तपणा फार असल्याने डोक्याकडून उचलता येणारी खाट आणि एअर मॅट्रेसही लागणार आहे. 5 लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचे) भाडे महिना 4,500 रुपये आणि अनामत 10,000 रुपये सांगितली असून नवे यंत्र 48,000 रुपयांना मिळते आहे. अकरा महिन्यांत भाड्यातच यंत्राची किंमत निघून जाते, म्हणून एकदाच विकत घेऊन टाकावे, असे भावाचे म्हणणे आहे. घरात आई, बाबा आणि मी असे तिघेच आहोत. रात्री दोन वाजता यंत्र बंद पडले तर काय करायचे, या विचाराने मला झोप लागत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पिंपळपान, पुणे

ताई, आपला हिशेब बरोबर आहे, पण यंत्र अकरा महिने लागेल असे अजून कोणीही सांगितलेले नाही. आजार बळावलेला असताना लिहून दिलेला ऑक्सिजन बहुधा त्या वेळच्या प्रकृतीपुरता असतो. फुप्फुसे सावरायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी ऑक्सिजन काढून सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) आणि धमनीतील रक्ताची तपासणी करून गरज नव्याने ठरवायची असते, आणि बऱ्याच रुग्णांचा ऑक्सिजन त्या वेळी बंद होतो. माझ्या सासऱ्यांचा दहाव्या आठवड्यात बंद झाला. तेव्हा पहिले तीन महिने भाडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र भाड्याचे यंत्र डोळे मिटून घरात घेऊ नका. आमच्याकडे आलेल्या पहिल्या यंत्राचा दिवा हिरवा होता, प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला गोळा बरोबर 2 वर होता, नळीतून हवाही येत होती, तरी सासऱ्यांचे सॅच्युरेशन 85 च्या वर जाईना. दुकानातला मुलगा शुद्धता मोजण्याचे उपकरण घेऊन आला तेव्हा आकडा 78 निघाला. चांगल्या यंत्रातून 90 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळायला हवा. यंत्रातील झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. ओल लागून किंवा जास्त वापराने ते निकामी झाले की हवेचा जोर तसाच राहतो, फक्त ऑक्सिजन कमी होतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून घरी यंत्र लावताना शुद्धता आपल्यासमोर मोजून घ्या, यंत्र आजवर किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवरील आकडा पावतीवर लिहून घ्या आणि यंत्र बिघडल्यास किती तासांत बदलून देणार, हेही लेखी घ्या. दुकान घराजवळ असेल तर महिन्याला पाचशे रुपये जास्त गेले तरी तेच निवडा.

नाकाची नळी आणि पाण्याची बाटली मात्र नवीनच आणा. एक विनंती : सॅच्युरेशन 98 करण्याच्या नादात गोळा वर चढवू नका. सीओपीडीच्या रुग्णांमध्ये साधारणतः 88 ते 92 एवढेच राखतात, कारण जास्त ऑक्सिजनने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बाबांसाठी नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पंचगंगा, कोल्हापूर

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. रात्रीच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ती मीही अनुभवली आहे. असे यंत्र साधारण 350 वॅट वीज घेते. 15 तासांचे रोजचे पाच युनिट, म्हणजे महिन्याला 150 हून अधिक होतात आणि बिलाचा टप्पाही बदलू शकतो. भाड्याच्या हिशेबात हा खर्चही धरावा. घरचा इन्व्हर्टर फार तर तीन तास तग धरतो, त्यामुळे यंत्र नवे असो वा भाड्याचे, सोबत बी प्रकारचा भरलेला सिलिंडर हवाच. त्यात सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजन असतो आणि 2 लिटरच्या प्रवाहाने तो बारा तास पुरतो. सिलिंडर उघडण्याची चावी त्यालाच बांधून ठेवा आणि तो सुरू करायला आईंनाही शिकवा. देवघरातली समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून ऑक्सिजन दूर ठेवावा.

खाट भाड्यानेच घ्या. अनेक गावांत सेवाभावी संस्था अनामत घेऊन नाममात्र भाड्याने रुग्णोपयोगी साहित्य देतात, तिथे आधी चौकशी करा. एअर मॅट्रेस मात्र नवीन आणा. दुसऱ्याने वापरलेली, ठिगळ लावलेली गादी रात्रीतून बसते आणि तोवर पाठीला लाली आलेली असते. गादी असली तरी कूस बदलत राहावे लागते.

गोदाकाठ, नाशिक

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांना विचारले. फेरतपासणी दहा आठवड्यांनी ठरली असून सॅच्युरेशन 88 ते 92 राखायला सांगितले आहे. भाऊही तोपर्यंत थांबायला तयार झाला. घराजवळच्या दुकानाने चार तासांत यंत्र बदलून देण्याचे पावतीवर लिहून दिले आणि शुद्धता माझ्यासमोर मोजली, ती 94 निघाली. सिलिंडर उद्या येईल. त्याची चावी फिरवून पाहायला आईने आत्तापासूनच सांगून ठेवले आहे.