ऐंशीच्या घरात पहिला कॅनव्हास, आणि एकवीस लाख डॉलर

खडूसकाका:
एमिली काम न्गवारे, ऑस्ट्रेलियातली मूळनिवासी चित्रकार. मध्य ऑस्ट्रेलियातला युटोपिया हा वाळवंटी मुलूख, जन्म साधारण 1910. कॅनव्हासला हात लावला इतक्या उशिरा, 1988-89 च्या उन्हाळ्यात, गेली 1996 ला. आठ वर्षांत तीनेक हजार चित्रं, म्हणतात. भागून बघा, रोज एक! त्यातलं 'अर्थ्स क्रिएशन' 2007 ला साडेदहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं, 2017 ला एकवीस लाखांना. मला तर वाटतं, लोक 'वाळवंटातल्या आजीबाईं'ची गोष्ट विकत घेतायत. चित्र सोबत फुकट.

सायली_त:
काका, उशीर कुणाच्या घड्याळात? 'अवेल्या' या तिथल्या बायकांच्या विधींत त्यांच्या अंगावर रंगाचे पट्टे ओढण्यात तिचं आयुष्य गेलं. 1977 पासून बाटिक. मेण, उकळणं, धुणं यांचा कंटाळा आला म्हणून कॅनव्हास, हे तिनंच सांगितलंय. तिच्या नावातलं 'काम' म्हणजे रानकंदाचं (याम) बी. ते रेषांचं जाळं उगाच नाही आलेलं.

खडूसकाका:
कंद मान्य. पण दारात व्यापारी रांग लावून उभे असताना काढलेलं प्रत्येक चित्र थोर? काही तर सरळ उरकलेली दिसतात.

मेलबर्नकर:
उरकलेली असतीलही. पण इथल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात 'बिग याम ड्रीमिंग' (1995) आहे. आठ मीटर रुंद, काळ्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा. तिचं वय काय, भाव काय, काही माहीत नसताना मी त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो. (बायको कॅफेत वाट बघत होती, तो वेगळा धागा.)

हिशेबनीस:
तुम्ही दोघं चित्रावर भांडताय, पैशांचं कोण बोलणार? क्लिफर्ड पॉसम या दुसऱ्या मूळनिवासी चित्रकाराचं 1977 चं 'वार्लुगुलाँग' सुरुवातीला 1,200 डॉलरला गेलेलं, 2007 ला 24 लाखांना. त्या वर्षी कायद्यानं चित्रकाराच्या वारसांना छदामही द्यावा लागत नव्हता. पुनर्विक्रीवर चित्रकाराला किंवा वारसांना 5 टक्के देण्याचा कायदा जून 2010 पासून लागू, आणि त्यातही मेख: कायद्याच्या आधीपासून चित्र ज्याच्याकडे आहे, त्याच्या पहिल्या विक्रीला सूट.

सायली_त:
म्हणजे काका, गोष्ट विकली गेली हे खरंच. फक्त विकणारी ती नव्हती.

खडूसकाका:
हे मी पहिल्यापासून म्हणतोय! तरी रोज एक चित्र, हे काही पचत नाही.

मेलबर्नकर:
तिकीट काढा, या. कायमच्या संग्रहाला प्रवेश फुकट आहे.