पहाटे बागेला पाणी सोडलं की ऊब येते म्हणतात. पाणी तर गारच असतं ना?

थॉमसनवाला
निफाडकडे दीड एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. चार दिवस झाले, अण्णा पहाटे साडेतीनला उठवतात. लाईट असली तर मोटार चालू, नसली तर बांधावर चिपाडं पेटवायची. काल मोबाईल 6 अंश दाखवत होता आणि ठिबकच्या नळीवर पांढरा थर! नखानं खरवडून बघितला, बर्फच. 6 अंशाला बर्फ? आणि अशा गारठ्यात वरून पाणी? कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर कोणी बादली ओततं का? अण्णांना विचारलं तर म्हणतात, "आमच्या बापानं केलं, आम्ही करतो. तू कॉक फिरव." कोणी नीट सांगेल का?

निवृत्त_मास्तर
अण्णांचं बरोबर आहे रे, फक्त ते कारण सांगत नाहीत. विहिरीच्या पाण्यात थर्मामीटर सोडून बघ. माझ्या विहिरीत जानेवारीतही 23 च्या आसपास भरतं. बाहेर 6 असताना बागेच्या हिशोबानं ते गरम पाणीच झालं. एक लिटर पाणी एक अंशानं निवलं की 1 किलोकॅलरी उष्णता सोडतं. तेवढ्याच वजनाची कोरडी माती सोडते त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे 23 वरून 6 वर येताना लिटरमागे 17 किलोकॅलरी बागेत पडतात. शिवाय कोरड्या मातीत हवा कोंडलेली असते, ती गोधडीसारखी खालची ऊब खालीच दाबून ठेवते. माती ओली झाली की ती ऊब वर येते.

आता तुझा बर्फ. हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत असतो. तुझी नळी उघड्या आभाळाखाली. निरभ्र रात्री ती आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडत बसते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही चार-पाच अंशांनी गार होते. त्यात गार हवा जड, ती खाली साचते. म्हणून वर 6 आणि नळीवर शून्य. रात्री ढग आले असते तर तुला हा बर्फ दिसला नसता.

फवाऱ्याचा प्रयोग मात्र करू नकोस. थंड देशांत सफरचंदाच्या कळ्यांवर रात्रभर फवारे चालवून मुद्दाम बर्फ धरू देतात. पाणी गोठताना ग्रॅममागे 80 कॅलरी सोडतं, आणि गोठणं चालू आहे तोवर कळी शून्याच्या फारशी खाली जात नाही. पण पाणी उडून जायला ग्रॅममागे 600 च्या जवळपास कॅलरी लागतात, आणि त्या जातात कळीतून. एक ग्रॅम उडालं तर सात ग्रॅम गोठूनही हिशोब मिटत नाही. मध्येच फवारा थांबला, वर कोरडा वारा सुटला, की न भिजवलेली कळी बरी म्हणायची वेळ येते. आपल्या लाईटच्या भरवशावर हा खेळ कोण खेळणार?

शरद_सीडलेस
मास्तरांचं सगळं मान्य, पण माल कुठल्या अवस्थेत आहे ते कोणी विचारलंच नाही! मण्यात पाणी उतरलं असेल, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायला लागले असतील, तर जपून. मागच्या साली मी थंडीच्या धसक्यानं तीन तास ठिबक चालू ठेवलं. सकाळी मणी देठापाशी तडकलेले, दुपारपर्यंत माश्या. गारठ्यात पानांतून पाणी उडत नाही, मुळं मात्र ओढत राहतात, मग ते मण्यात तुंबतं. तेव्हापासून अर्धा तास, बस. आणि धुराचा भरवसा धरू नका. ऊब मिळते ती जाळाची, धुरानं नुसते डोळे चुरचुरतात.

थॉमसनवाला
पाणी उतरायला अजून पंधरा दिवस आहेत, तरी अर्ध्या तासावर आणतो. आज पहाटे थर्मामीटर घेऊनच गेलो. विहिरीत 22. शेवटच्या ओळीतल्या ड्रीपरखाली तांब्या धरला तर 7! म्हटलं मास्तर खोटे पडले. मग लक्षात आलं, हे तर नळीत रात्रभर निवलेलं पाणी. दहा मिनिटांनी परत धरला, 18. हात धुतले तर चक्क कोमट लागलं.

अण्णांना बोलावून आकडा दाखवला. त्यांनी बॅटरी मारून बघितला आणि म्हणाले, "केवढ्याला पडलं हे?"