जुनी कॅटामरान घेताना आधी काय बघायचं, इंजिन की अंग?

तापीकाठचा
आम्ही चौघे भागीदार, जळगाव-भुसावळचे. थायलंडच्या फुकेतला २००७ सालची, ३८ फुटी, शिडाची फ्रेंच कॅटामरान (शेजारी-शेजारी दोन अंगं, म्हणजे बोटीची धडं, जोडलेली बोट) दीड कोटीच्या आसपास मिळतेय. मागच्या महिन्यात दोघं बघून आलो. दलालाने दोन्ही इंजिनं चालू करून दाखवली, पहिल्याच झटक्यात सुरू. भागीदार लगेच म्हणाले, टोकन देऊन टाकू.

माझा विरोध आहे. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, ठोकत फिरलो. सगळीकडे टण टण, पण पुढच्या क्लीटपाशी (दोर बांधायच्या खुंट्यापाशी) आणि डेकवरच्या एका झाकणाच्या कडेला एकदम भद्द. डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड. क्लीटच्या बोल्टाभोवतीचं सीलंट म्हातारं झालं की पाणी आत शिरतं, लाकूड कुजतं, थर सुटतात. वरून पॉलिश मात्र आरशासारखं. बोट पाण्याबाहेर काढून, आपण नेमलेल्या सर्व्हेअरने तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

यंत्रतंत्र_भुसावळ
बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, म्हणून लिहितो. भद्द आवाजाचा एवढा बाऊ नको. अठरा वर्षांच्या बोटीत चार जागा ओल्या निघणारच. बाल्साचे तंतू उभे बसवलेले असतात, त्यामुळे पाणी आडवं भराभर पसरत नाही. तेवढा तुकडा कापून नवा भरता येतो.

खरा खर्च खाली आहे. दोन इंजिनं, दोन सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची शक्ती पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारे पाय. सेलड्राइव्हचा पाय बोटीच्या तळातून आरपार जातो आणि त्या भोकाला रबरी डायफ्रामचं सील असतं. इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांपैकी यानमार दर २ वर्षांनी बदला म्हणतं, व्होल्व्हो ७. किती मालक बदलतात? ते फाटलं तर समुद्र थेट आत. तुम्ही पाया रचायच्या आधीच रंगाची चर्चा करताय.

आणि एक सांगा, इंजिन सुरू करण्याआधी हात लावून बघितलं होतं का? थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, ते बघायचं असतं.

केळीचेंबर_सावदा
मला बोटीतलं काही कळत नाही, पण दोन पत्र्यांच्या मधे काहीतरी भरलेल्या मालाचं दुखणं कळतं. आमची केळी पिकवायची चेंबरं पॅनलचीच. एकदा कारागिराने पाइपसाठी भोक पाडलं आणि कडा नीट बंद केल्या नाहीत. दोन पावसाळे गेले. पत्रा बाहेरून नवाकोरा, पण दाबला की बोटाखाली दबायचा. खोलला तर भोकापासून चार हात लांबपर्यंत ओल! भोकापाशी जेवढं दिसतं तेवढंच खराब असतं, हे इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं मला पटत नाही.

तापीकाठचा
@केळीचेंबर, अगदी हेच. उभ्या तंतूंचं ठीक आहे, पण बाल्सा अखंड फळीसारखा नसतो. जाळीवर चिकटवलेले छोटे ठोकळे असतात आणि मधल्या फटी रेझिनने भरायच्या असतात. जिथे भरल्या नाहीत, तिथे पाण्याला पाट काढून दिल्यासारखंच.

@यंत्रतंत्र, इंजिनाबद्दल मात्र पकडलंत. झाकण उघडल्यावर गरम हवेचा भपकारा आला होता. मला वाटलं तिकडची हवाच तशी. म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच तापवून ठेवलेलं.

यंत्रतंत्र_भुसावळ
मग झालं! तेलाचा नमुना तपासायला द्या. आणि आतल्या दारांचं काय? प्रत्येक दार उघडून बंद करून बघा. कॅटामरानच्या दोन अंगांना लाटा वेगवेगळ्या दिशांनी पिळतात. बल्कहेड, म्हणजे आतली आडवी भिंत, जागेवरून सरकली की दार चौकटीला घासायला लागतं. छोट्या होडीत बसून दोन अंगांच्या मधल्या तळाखालीही जा. लाटा तिथेच आपटतात. जोडापाशी केसासारख्या भेगा दिसल्या तर मी तुमच्या बाजूने.

डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या, त्याचं बिल मागा. दहा वर्षांच्या पुढे विमावाले विचारतात.

नर्मदाकाठचा
भाऊ, नाव पाणीमा ऱ्हास, पैसा बी पाणीमाच जास. सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमच्या तालुक्याची माणसं रोज बोटीने ये-जा करतात, तिथे साधं एक इंजिन चालू ठेवायचं म्हटलं तरी नाकीनऊ येतं. तुम्ही एकदम दोन घेताय! एकवीस फूट रुंद बोट मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यात) एका नावेच्या जागेत मावत नाही, भाडं जास्त. बाहेर काढायला तेवढ्या रुंदीची क्रेन हवी, ती सगळीकडे नसते. वर्षातून आठवडाभर जाणार असाल तर भाड्याने घ्या. तपासणी कशी करायची यावर भांडताय, घ्यायची का यावर कोणी बोलेना.

तापीकाठचा
@नर्मदाकाठचा, तो वाद घरात रोज होतो, इथे नको!

दलालाला लिहिलं : सर्व्हे आणि सी ट्रायल (समुद्रात चालवून बघणं) पास झाली तरच व्यवहार, इंजिनं थंड हवीत, आणि बोट पाण्याबाहेर काढून चार-पाच दिवस सुकू द्यायची. ओल्या तळाला ओल मोजायचं यंत्र लावून काय कळणार? त्याचं उत्तर, शनिवारी दुसरा गिऱ्हाईक येतोय.

यंत्रतंत्र_भुसावळ
येऊ द्या. जुना ट्रॅक्टर विकणाराही हेच सांगतो, आणि रविवारी ट्रॅक्टर तिथेच उभा असतो.

तापीकाठचा
तेही खरं. पण आता नवंच लफडं. क्रेनचा आणि सर्व्हेअरचा खर्च घेणाऱ्याने करायचा असतो. दोघं भागीदार म्हणतात, बोट घेतली नाही तर हे पैसे ज्याने हट्ट धरला त्याचेच.