विषय: पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी अर्थसाहाय्य – मुलगी आणि भाचा, दोघांसाठी विचारणा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून येत्या शरद सत्रापासून पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस आणि जमल्यास पुढे पीएचडी करण्याचा तिचा विचार आहे. आम्हा सर्वांकडे ग्रीन कार्ड आहे. त्याच सुमारास माझा भाचाही भारतातून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर एमएससाठी येऊ पाहतो आहे. मुलीला पदवीसाठी पेल ग्रँट (परत न करावी लागणारी सरकारी मदत) मिळत होती. ती पुढे चालू राहते का, आमच्या उत्पन्नाची माहिती पुन्हा द्यावी लागते का, सरकारी कर्ज किती मिळते, आणि भाच्याला अमेरिकन सरकारकडून काही मदत होऊ शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ह्यांचे म्हणणे असे की कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण विद्यापीठ उत्तमच असावे. मला मात्र त्या आकड्यांची धास्ती वाटते.

– – –

ताई, नमस्कार.

विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयात काम करत असल्यामुळे हे प्रश्न रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेल ग्रँट पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी असते, त्यामुळे एमएससाठी ती धरू नका. फॅफ्सा, म्हणजे सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज, मात्र भरायलाच हवा. ग्रीन कार्डधारक त्यासाठी पात्र असतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थी नियमानुसार स्वतंत्र मानला जात असल्यामुळे तुमचे उत्पन्न त्यात विचारले जात नाही.

कर्जाबाबतचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आहेत, आणि तुमच्या मुलीचा प्रवेश नेमका त्या बदलानंतरचा आहे. आजवर विद्यार्थ्याला ‘डायरेक्ट अनसबसिडाइज्ड’ (ज्याचे व्याज सरकार भरत नाही असे सरकारी) कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत मिळे आणि त्यापलीकडचा सगळा खर्च ‘ग्रॅड प्लस’ या दुसऱ्या सरकारी कर्जातून भागवता येत असे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केले. वर्षाची २०,५०० ची मर्यादा कायम आहे, पण पदव्युत्तर शिक्षणासाठी एकूण मर्यादा १ लाख डॉलर झाली आहे. वैद्यक, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख आहे. अभियांत्रिकीची एमएस त्यात येत नाही. याचा अर्थ असा की महागड्या विद्यापीठाचा उरलेला खर्च आता खासगी कर्जातून उभा करावा लागेल, आणि त्यासाठी बँका बहुधा पालकांची सही मागतात. सरकारी कर्जात मिळकतीच्या प्रमाणात हप्ता ठरवून घेण्याची सोय असते, ती खासगी कर्जात नसते. तुमची धास्ती अनाठायी नाही, असे मी यजमानांना आदरपूर्वक सांगेन.

व्याजाकडेही लक्ष द्यावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सरकारने व्याज भरण्याची सवलत २०१२ मध्येच संपली, त्यामुळे पैसे हाती पडल्या दिवसापासून व्याज चढू लागते. २०२५-२६ या वर्षाचा दर ७.९४ टक्के होता. त्या दराने २०,५०० डॉलरवर वर्षाला सुमारे १,६०० डॉलर व्याज होते, तेही मुलगी अजून वर्गात बसलेली असताना.

म्हणून परत न करावे लागणारे पैसे आधी शोधावेत, कर्जाचा विचार शेवटी करावा. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप ग्रीन कार्डधारकांना खुली आहे. ती तीन वर्षांचा खर्च देते. वर्षाचा स्टायपेंड (निर्वाहभत्ता) ३७,००० डॉलर असून ट्यूशनसाठी विद्यापीठाला आणखी १६,००० दिले जातात. एमएस संशोधनाधारित असली पाहिजे, आणि पदव्युत्तर प्रवेशानंतर हा अर्ज एकदाच करता येतो, तेव्हा मुलीने पहिल्या सत्राच्या आरंभीच प्राध्यापकांशी बोलून तो विचारपूर्वक लिहावा. संरक्षण खात्याची एनडीसेग फेलोशिपही लोक सुचवतील, पण तिला अमेरिकन नागरिकत्व लागते. त्यात वेळ घालवू नये.

भाच्याला फॅफ्सा भरता येणार नाही आणि सरकारी कर्जही मिळणार नाही. तरीही सरकारी पैसा त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. सरकारी संस्था प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान देतात आणि प्राध्यापक त्यातून रिसर्च असिस्टंट नेमतात. बहुतेक अनुदानांवर एफ-१ विद्यार्थीही काम करू शकतो. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते आणि असिस्टंटशिप साधारण तेवढ्याच तासांची असते. त्याने प्रवेशाआधीच दोन-चार प्राध्यापकांचे चालू प्रकल्प वाचून त्यांना नेमके, त्यांच्या कामाबद्दलचे पत्र लिहावे; शंभर जणांना एकच मजकूर पाठवून काही साधत नाही. तो अनुसूचित जातीतील असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल, तर भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप जरूर पाहावी. भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीही ती आहे.

– – –

दादा, मनःपूर्वक आभार. यजमानांनाही वाचून दाखवले.

मुलीला एका विद्यापीठाचे पत्र आले आहे. त्यात ‘एकूण साहाय्य ३२,५०० डॉलर’ असे ठळक छापले असून खाली तीन ओळी आहेत: स्कॉलरशिप ९,०००, वर्क-स्टडी ३,०००, अनसबसिडाइज्ड २०,५००. दुसऱ्या विद्यापीठाने आकडा न देता टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करण्याची पगारी नेमणूक) देऊ केली आहे. पहिलेच चांगले, असे घरात सर्वांना वाटते आहे.

– – –

ताई, त्या ३२,५०० मधले खरे साहाय्य ९,००० आहे. वर्क-स्टडीचे ३,००० म्हणजे काम करून तासांप्रमाणे मिळवायचा पगार. ते फीच्या बिलातून वजा होत नाहीत, आणि काम मिळाले नाही तर हातीही येत नाहीत. उरलेले २०,५०० हे कर्ज आहे. अशी पत्रे तिन्हींची बेरीज एकाच रकान्यात दाखवतात, हे मला मनापासून खटकते, कारण पालक मोठा आकडा पाहून निर्णय घेतात.

दुसऱ्या पत्राबाबत विद्यापीठाला पुढील गोष्टी लेखी विचारा. ट्यूशन पूर्ण माफ आहे की अर्धी? सक्तीच्या इतर फीज त्यात येतात का? अनेक ठिकाणी त्या येत नाहीत आणि सत्राच्या सुरुवातीलाच हजार-दीड हजारांचे बिल हातात पडते. आरोग्यविमा कोण भरते? नेमणूक नऊ महिन्यांची आहे की बारा, आणि नऊची असेल तर उन्हाळ्यात काय? दुसऱ्या वर्षीची नेमणूक कशावर अवलंबून आहे? स्टायपेंडवर कर लागतो, हेही हिशेबात धरा.

पदवीनंतर मुलगी राज्याच्या पर्यावरण खात्यात किंवा एखाद्या पालिकेत पूर्णवेळ काम करणार असेल, तर तिच्या सरकारी कर्जाला सार्वजनिक सेवेची कर्जमाफी लागू होऊ शकते; तेथे १२० पात्र हप्ते भरल्यावर उरलेली शिल्लक माफ होते. खासगी कर्जाला ती लागू नाही. म्हणून कर्ज घ्यावेच लागले तर ते २०,५०० च्या आतले आणि सरकारीच असावे. दुसऱ्या विद्यापीठाकडून उत्तरे आली की येथे कळवा, दोन्ही पत्रे शेजारी ठेवून आपण हिशेब मांडू.