गच्चीवर ड्रममध्ये ऊस: बेणं, फुटवे, खत

प्रश्न – गच्चीवरचा_वाफा
नाशिकला गच्चीवर २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम आडवा मधोमध कापून दोन कुंड्या केल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ५७ सेंमी, खोली ४४ सेंमी, दिवसभर ऊन. पुढच्या तुळशीच्या लग्नाला मांडवासाठी वाढ्यासकट (शेंड्याच्या हिरव्या पानांसकट) उभे ऊस घरचेच हवेत आणि उरलेले खाण्यासाठी. बाजारात तुळशीच्या लग्नाला मिळणारा ऊस बेणं (लागवडीचा ऊस) म्हणून चालेल का? एका कुंडीत किती डोळे लावावेत? ड्रममधला ऊस बारीक का राहतो? खतांच्या शिफारशी हेक्टरी असतात, त्या एका कुंडीसाठी कशा मोजायच्या?

कांडी_पेर
तुळशीच्या लग्नाचा ऊस खाऊन टाका, बेण्यासाठी संक्रांतीचा घ्या. नोव्हेंबरमध्ये लावलेला डोळा नाशिकच्या थंडीत अडकतो. पारा २० अंशांखाली राहिला की उगवण रेंगाळते आणि तोवर टिपरी (डोळ्यासकट तोडलेला उसाचा तुकडा) कुजायला लागते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावलात तर कार्तिकापर्यंत नऊ-दहा महिने मिळतात. मांडवाला तेवढं पुरतं. पूर्ण गोडी मात्र बारा महिन्यांनी येते, म्हणून खायचे ऊस पुढच्या संक्रांतीपर्यंत उभेच ठेवा.

बेणं ९ ते ११ महिन्यांचं, रसरशीत, डोळे फुगीर पण न फुटलेले असं हवं. रसवंतीवरचा तासलेला ऊस घेऊ नका, तासताना डोळेच जातात. कांडी उभी चिरून पाहा. आत लालसर रंग, त्यात पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास असेल तर ती लाल कूज, तो ऊस लावायचाच नाही. डोळे वरच्या एक तृतीयांश भागातले घ्या. बुडखाकडचे डोळे जून असतात, उशिरा आणि मागेपुढे उगवतात.

एक डोळ्याची टिपरी धारदार कोयत्याने एका घावात तोडा. डोळ्याच्या वर पेराचा एक तृतीयांश आणि खाली दोन तृतीयांश भाग ठेवा, कारण मुळं धरेपर्यंत कोंब त्याच साठ्यावर जगतो. दहा लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम कालवून टिपऱ्या त्यात १० ते १५ मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. मग ओल्या कोकोपीटच्या पेल्यात डोळा वर करून ठेवा. चार-पाच पानं आली की ड्रममध्ये लावा. सहा टिपऱ्या रुजत घाला आणि त्यातली सर्वांत जोमदार दोनच रोपं एका ड्रमला ठेवा.

जात म्हणाल तर को ८६०३२ घ्या. पुंड्या चघळायला फारच चांगला, जाड आणि मऊ सालीचा, पण पाणी जास्त मागतो आणि लवकर लोळतो. को.सी. ६७१ ला साखर लवकर भरते, मात्र लाल कूज तिला पटकन गाठते. बाजारातल्या उसाची जात विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते, म्हणून साखर कारखान्याच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बेणेमळ्यातून दोन ऊस मागून आणणं उत्तम.

मातीचा_कस
खताचं गणित असं. सुरू (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्या) उसाला हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५, पालाश ११५ किलो ही शिफारस. तुमच्या ड्रमचं तोंड पाव चौरस मीटर भरतं. त्या हिशेबाने नत्र सव्वासहा ग्रॅम येतं. पण शेतात हेक्टरी लाखभर ऊस धरतात, तुम्ही पाव चौरस मीटरमध्ये सहा (दोन रोपांचे तीन-तीन) धरणार, म्हणजे दाटी दुपटीहून जास्त. म्हणून मात्रा दुप्पट करा: वर्षभरात युरिया साधारण ३० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३६, म्युरेट ऑफ पोटॅश १० ग्रॅम.

युरिया एकदम घालू नका. लावताना ३ ग्रॅम, दीड-दोन महिन्यांनी १२, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ३ आणि जूनच्या भरणीला (बुडाला मातीची भर घालताना) १२. सुपर आणि पोटॅश अर्धं लावताना, अर्धं भरणीला. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे युरिया जेमतेम ४ ग्रॅम. भरणीनंतर नत्र बंद. पावसाळ्यात उशिरा युरिया दिला की ऊस हिरवागार दिसतो, पण पाणचट राहतो.

भरताना निम्मी माती, तीस टक्के कुजलेलं शेणखत, बाकी कोकोपीट. सुरुवातीला ड्रम वरून १२ सेंमी रिकामा ठेवा, नाहीतर भर घालायला जागाच उरत नाही. तळाजवळ १२ मिलिमीटरची सहा-आठ भोकं पाडा. ओला ड्रम शंभर किलोच्या पुढे जातो, तेव्हा तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई असेल तिथे ठेवा.

कांडी_पेर
बारीक उसाचं उत्तर राहिलं. फुटवे (बुडातून निघणारे नवे कोंब) मोजून ठेवले नाहीत की ऊस बारीक राहतो. एका रोपाला आठ-दहा फुटवे सहज येतात, सगळे ठेवले तर एकही जाड होत नाही. साधारण ४५ दिवसांनी, दोन फुटवे आले की जेठा कोंब (टिपरीतून आलेला पहिला, मुख्य कोंब) जमिनीलगत कापा, म्हणजे मागचे फुटवे एका वयाचे आणि एकसारखे निघतात. त्यातले तीन ठेवा. भरणीनंतर येणारे फुटवे दिसतील तसे काढा.

मातीचा_कस
जेठा काढण्याबाबत माझं मत वेगळं आहे. शेतात एकसारखी तोड हवी म्हणून ते योग्य. इथे कार्तिकात उंची हवी आहे आणि सर्वांत उंच तोच असतो. जेठा आणि त्याच्या पाठोपाठचे दोन ठेवा. ड्रमला सहा ऊस तेवढेच होतात.

मार्च ते मे खोडकिडीवर लक्ष ठेवा. मधला पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) वाळला, ओढल्यावर सहज हातात आला आणि घाण वास आला की तीच. तो कोंब बुडातून कापून आतली अळी चिरडा. दीड महिन्याची बाळभरणी (मातीची पहिली हलकी भर) आणि मातीवर पाचटाचं आच्छादन यांनी ती कमी होते. मे महिन्यात ड्रमला रोज ८ ते १० लिटर पाणी लागेल, सकाळ-संध्याकाळ विभागून द्या.

गच्चीवरचा_वाफा
जेठा एका ड्रममध्ये ठेवतो, दुसऱ्यात काढतो. वाऱ्याला आधार कसा द्यायचा? आणि तोडल्यावर खोडवा (राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) धरता येईल?

कांडी_पेर
चार बांबू ड्रमबाहेर कठड्याला बांधा आणि उसांभोवती दोन उंचींवर सुतळीचा सैल वेढा घ्या. पाच महिन्यांनंतर वाळलेलं पाचट काढत जा, त्याखाली पिठ्या ढेकूण बसतो. मुंग्यांची रांग उसावर चढताना दिसली तर देठाखाली पाहाच. हिरवी पानं ओरबाडू नका.

खोडवा जरूर धरा. तोड मातीलगत घ्या, उंच बुडखे ठेवले तर वरच्या डोळ्यांतून येणारे कोंब कमकुवत असतात. कडेची जुनी मुळं खुरप्याने तोडा, दोन घमेली शेणखत घाला. फक्त एक गोष्ट: शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला तर ती काणी. त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून मगच कापा, बेट मुळासकट काढून जाळा आणि त्या ड्रममध्ये खोडवा धरू नका.