मदत हवी आहे : कलौंजीचं तेल आणि आईच्या शुगरच्या गोळ्या

मस्कतहून भावाने आईसाठी कलौंजीच्या तेलाची बाटली आणली आहे. तिकडे याला हब्बतुस्सौदा म्हणतात आणि बहुतेक दुखण्यांवर सुचवतात. आई मेटफॉर्मिन घेते. कलौंजीनेही साखर उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत बाटली मी कपाटात ठेवली आहे. (आई रुसली आहे, तो भाग वेगळा.)

वाचून इतकं कळलं की कलौंजीतला गुणकारी मानला जाणारा मुख्य घटक थायमोक्विनोन. तो बियांतल्या उडनशील तेलात असतो, आणि ते तेल असतं जेमतेम टक्का-दीड टक्का. बाकी ३०-४० टक्के साधं स्निग्ध तेल, त्यात लिनोलिक आम्ल जास्त. शिवाय थायमोक्विनोन उजेडात आणि उष्णतेने खराब होतं. आमची बाटली पारदर्शक काचेची! लेबलवर प्रमाणाचा उल्लेखही नाही.

विचारायचं असं :

घाण्याच्या तेलात थायमोक्विनोन किती आहे हे कुठल्या प्रयोगशाळेत तपासून मिळतं का? खर्च किती येतो?

तेलाऐवजी बियाच घेतल्या तर? पण इथेही गोंधळ. कलौंजीला काळे जिरेही म्हणतात, पण काळे जिरे मागितले की एक दुकानदार शहाजिरे देतो, दुसरा कडू जिरे, तिसरा कांद्याचं बी. कलौंजीचा दाणा तिकोनी, मंद काळा, चुरडला की ओव्याच्या जवळचा वास, एवढंच मला माहीत आहे. कांद्याच्या बियांपासून ती नक्की ओळखायची कशी?

कुणाच्या घरी मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कलौंजी चालू आहे का? डॉक्टरांनी काय सांगितलं?